दुरडीतला फोन

समजा, एक तंबोरा तुमच्यासमोर ठेवलाय आणि तो तुम्हाला लावायचाय. चार तारा आहेत. मधल्या दोन अगदी एका स्वरात यायला हव्यात. तुम्ही एक छेडता, मग दुसरी. दोन्ही सारख्याच वाटतात. आता दोन्ही पाठोपाठ छेडा आणि थांबा. आवाज सरळ येत नाही, झोके घेतो. वाँव, वाँव, वाँव. खुंटी केसभर पिळा. झोके मंदावतात. तारेतला मणी तांदळाच्या दाण्याएवढा सरकवा. झोका आता इतका लांबतो की तुमचा श्वास संपतो, तो संपत नाही. आणि मग कधीतरी तो नसतोच. समोर काटा नाही, आकडा नाही, हिरवा दिवा नाही. तंबोरा लागला की नाही हे तुमच्या कानाशिवाय कोणी सांगणार नाही, आणि खोलीत चाळीस माणसं वाट बघत बसलेली आहेत.

विजयश्रीला हे यायचं. संगीताच्या कुठल्याही वर्गाला न जाता यायचं. ती कसं शिकली आणि त्या शिकण्याचं पुढे काय झालं, ते मला लिहायचं आहे. चार वर्षं आम्ही कलबुर्गीला हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहिलो. एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात दोघी इलेक्ट्रॉनिक्सला. मी कमठाण्याची, ती बसवकल्याणजवळच्या कोहिनूरची. तिचे वडील उद्धवराव तूर आणि सोयाबीन करतात. घरात गाणं म्हणजे मोटरसायकलच्या हॉर्नचं, असं ती स्वतःच सांगायची.

मैफिलीला ती पहिल्यांदा गेली ती सुसल्यासाठी, भिजवलेल्या चुरमुऱ्यांच्या फराळासाठी. हॉस्टेलची मेस रविवारी संध्याकाळी बंद असते. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात हाताने लिहिलेला एक कागद चिकटवलेला होता: महिन्याचा शेवटचा रविवार, संध्याकाळी पाच, ब्रह्मपुरात मालतीबाईंच्या घरी वरच्या मजल्यावर गाणं, नंतर फराळ, कुणीही यावं. विजयश्रीने त्यातला एकच शब्द वाचला.

"कुठं जायलीस गं?" मी विचारलं.

"फराळाला."

"आणि गाणं?"

"ते सोसायचं. डोळे मिटून बसलं की झालं. सगळेच मिटतेत म्हणं तिथं."

मालतीबाई शाळेत संगीताच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झालेली. पाटबंधारे खात्यात असलेले त्यांचे पती विजयेंद्रराव गेल्यावरही त्यांनी ही महिन्याची बैठक चालू ठेवली होती. गाणारे-वाजवणारे आसपासचेच. कुणी शिक्षक, कुणी वायरमन, कुणी बँकेतला. तिकीट नाही, हार नाही, पाहुण्यांचं भाषण नाही, हजेरीची वही नाही. नियम एकच. दारात भाकरीची दुरडी ठेवलेली असे. येणाऱ्याने आपला फोन त्यात ठेवायचा. सगळे आले की मालतीबाई दुरडीवर फडकं टाकायच्या, जसं भाकरीवर टाकतात तसं. कार्यक्रम संपला की एकेकाला स्वतः फोन काढून द्यायच्या, चेहरा बघून, न चुकता. कुणी कुरकुर केली तर म्हणायच्या, "दोन तास हातांना सुट्टी द्या हो. तुमच्या हातांनी काय पाप केलंय?"

पहिल्या चार बैठकांना विजयश्री झोपली. हे मी चेष्टेने लिहीत नाही. पुढे ह्याचा लेखी पुरावा येणार आहे.

पाचव्या वेळी तिला जाग आली ती तंबोऱ्यामुळे. गाणं अजून सुरू व्हायचं होतं. मालतीबाई तारा जुळवत होत्या आणि तो झोका हळूहळू लांबत होता. त्याच आठवड्यात आम्हाला वर्गात हे शिकवलं होतं. जवळजवळ सारख्या दोन कंप्रता एकत्र आल्या की त्यांच्या फरकाएवढे ठोके ऐकू येतात. सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पुसलं. आम्ही वहीत उतरवून घेतलं. ठोके म्हणजे कसले, कुठे, कुणाला ऐकू येतात, हे साठ जणांत एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

त्या संध्याकाळी सुसल्याची बशी हातात धरून ती मालतीबाईंकडे गेली. "बाई, ते वाँव वाँव व्हायलं होतं ते मुद्दाम करता का?"

मालतीबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "तू झोपणारी ना?"

"व्हय."

"मुद्दाम नाही गं. ते घालवायचं असतं. हात धू आणि ये." आणि तिच्यासमोर तंबोरा ठेवून म्हणाल्या, "घालव."

दीड तास लागला. हॉस्टेलचं गेट बंद व्हायला पाच मिनिटं असताना ती धापा टाकत आली आणि मला म्हणाली, "प्रियंके, ते सूत्र खरं हाय गं!" इतका आनंद मी तिच्या तोंडावर परीक्षेच्या निकालातही पाहिला नव्हता.

त्यानंतर ती एकही बैठक चुकवेना. आमच्या लॅबमधला ऑसिलोस्कोप, आवाजाची लहर पडद्यावर दाखवणारा, दुसऱ्या वर्षापासून बंद होता. वर प्लास्टिक घालून ठेवलेला. आम्ही बाकीचे आधीच्या वर्षाच्या जर्नलमधून आकडे उतरवत होतो. ती स्पीकरला कान लावून दोन ऑसिलेटरचे स्वर जुळवायची. सर हसायचे. ती मात्र जर्नलमध्ये खरे आकडे लिहायची आणि तिचे गुण कापले जायचे, कारण ते आमच्या सगळ्यांच्या आकड्यांशी जुळत नसत.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवला की एकाच तारेतून एकदम पाच-सहा स्वर उमलतात, हे तिने मला कागदावर काढून दाखवलं. तेव्हा मला फूरियेचं गणित पहिल्यांदा कळलं, तोपर्यंत मी ते पाठ केलं होतं. मालतीबाईंच्या हॉलला शहाबादी फरशी. लोक यायच्या आधी तिथे टाळी वाजवली तर ती परत यायची. चाळीस माणसं सतरंज्यांवर बसली की विरून जायची. विजयश्री दर वेळी आधी जाऊन टाळी वाजवायची आणि नंतर परत वाजवायची. "माणसं आवाज पितेत," म्हणायची. वायरमनच्या तबल्याचा स्वर उन्हाळ्यात का चढतो, हे तिने त्यालाच विचारलं. आणि एकदा एक म्हातारी बाई गाताना अडखळली, थांबली, पुन्हा तिथूनच उचलून पुढे गेली. त्याबद्दल विजयश्री आठवडाभर बोलत होती. व्हायव्हात अडखळलो की आम्ही रडकुंडीला यायचो. ती यायची नाही. थांबायची, पुन्हा तिथूनच उचलायची.

हे सगळं शिक्षणच होतं. कॉलेजने दिलं त्याहून जास्त. पण त्यासाठी गुणपत्रिकेत रकाना नव्हता, आणि जो रकाना होता त्याने तिचा घात केला.

शेवटच्या वर्षी कॅम्पसला श्रवणयंत्रं बनवणारी म्हैसूरची एक कंपनी आली. मुलाखतीत त्यांनी दोन आवाज ऐकवले आणि फरक विचारला. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, सारखेच आहेत. विजयश्रीने आधी पंखा बंद करायला सांगितलं. मग दोन्ही आवाज एकदम लावायला सांगितले. डोळे मिटले आणि म्हणाली, "सेकंदाला तीन ठोके आहेत. तीन हर्ट्झचा फरक." मुलाखत घेणारा माणूस खुर्चीत पुढे सरकला. आमच्या वर्गातून ती एकटी निवडली गेली. अट एवढीच होती की जुलैच्या पहिल्या आठवड्यात पदवीचा तात्पुरता दाखला घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

उद्धवरावांनी फोनवर विचारलं, "गाणं ऐकून नोकरी लागली म्हणायलीस, ते खरं का?"

"खरं हाय, अप्पा."

"मग गावात असंच सांगू?"

"सांगा की."

आता तो रकाना. आमच्याकडे पदवीसाठी परीक्षेबाहेरच्या उपक्रमांचे शंभर गुण लागतात. नसतील तर दाखला अडतो. वृक्षारोपण, स्वच्छता, रक्तदान शिबिर, सांस्कृतिक कार्यक्रम, काहीही चालतं. कागद आणि फोटो लागतो, आणि फोटोवर जागा आणि वेळ छापलेली लागते. माझे शंभर दुसऱ्याच वर्षी झाले. मी कॉलेजच्या कुंपणाशी एक कडुलिंबाचं रोप लावलं आणि चार वेगवेगळ्या ओढण्या घेऊन चार दिवस त्याच्याशेजारी उभी राहिले. ते रोप पाचव्या दिवशी शेळीने खाल्लं. गुण राहिले. विजयश्रीचे साठ झाले होते. उरलेले चाळीस बैठकांचे होतील, असं ती धरून चालली होती. एकतीस बैठकांना गेलेल्या मुलीने आणखी काय धरून चालायचं?

मेमध्ये तिने मालतीबाईंकडून पत्र आणलं. साध्या रेघी कागदावर, एका बाजूला मराठी, मागे कन्नड. मी ते वाचलं आहे. "कोहिनूरची कुमारी विजयश्री ही आमच्या एकतीस बैठकांना आली. पहिल्या चार बैठकांत झोपली. पाचवीपासून ऐकू लागली. आता तिला तंबोरा लावता येतो, तो मी तपासलेला आहे." खाली सही.

हे गुण वीरण्णा सरांकडे होते. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी पत्र वाचलं आणि पोट धरून हसले. "झोपली? झोपली असं सर्टिफिकेटमध्ये लिहितात का?" मग गंभीर झाले. "नोडम्मा, हे बघ, मला पटतं. पण तपासणीला समिती येते. तिला मी काय दाखवू? लेटरहेड नाही, शिक्का नाही. निदान फोटो दे. कार्यक्रम चालू असताना, तू आणि गाणारा, दोघं एका चौकटीत. एक फोटो असला तर ह्या पत्रावर मी चाळीसच्या चाळीस देतो. फोटो इल्ला, तर पॉइंट इल्ला."

"सर, तिथं फोन चालत न्हाई."

"मग तसल्या ठिकाणी चार वर्षं कामून गेलीस?"

ती मालतीबाईंकडे परत गेली. बाई खुशीत होत्या. करजगीचे गवई अमृतप्पा येणार होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आजारपणानंतर दोन वर्षं त्यांनी लोकांत तोंड उघडलं नव्हतं आणि आता स्वतःहून कळवलं होतं की एकदा बसतो. "आणि मागे तंबोऱ्यावर तू बसायचंस," मालतीबाई म्हणाल्या. "मी त्यांना सांगून टाकलंय, आमच्याकडे एक इंजिनिअर आहे म्हणून."

विजयश्रीने फोटोचं विचारलं.

"त्यात काय? संपल्यावर जिन्यात काढू. मी नवं लुगडं नेसते."

जिन्यातला फोटो चालणार नव्हता. चालू कार्यक्रमातला हवा होता. हे तिने पुढे बोलायला पाहिजे होतं. बोलली नाही. बोलली असती तर बाई काय म्हणाल्या असत्या, हे आता कुणालाच कळायचं नाही.

उपाय मी काढला. माझा एक जुना फोन होता, काच तडकलेला, बॅटरी मेलेली. "हा दुरडीत टाक," मी म्हटलं. "तुझा ओढणीत ठेव. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतेत म्हणतेस ना? एक फोटो काढायला कितीसा वेळ लागायलाय?"

"ही चोरी झाली की गं."

"कशाची चोरी? तुझ्याच हजेरीची?"

मी त्या वेळी हे वाक्य फार हुशारीचं समजले होते.

मी बैठकीला गेले नाही. मी कधीच गेले नव्हते. पुढचं तिने सांगितलेलं आहे, आणि एकदाच.

मेचा शेवटचा रविवार. कलबुर्गीच्या उन्हामुळे खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे लावलेले, खोलीत अंधुक उजेड. कूलर बंद केलेला. तिने दुरडीत माझा फोन ठेवला. तंबोरा तिनेच लावला. झोका पार जाईपर्यंत लावला. अमृतप्पांनी कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. "छान लागलाय. कोण पोर ही?" मग मालतीबाईंनी तिला मागे बसायची खूण केली आणि ती म्हणाली, "बाई, आज तुम्हीच बसा."

"कामून गं?" कधी नव्हे ते बाईंच्या तोंडून तिच्याच बोलीतला शब्द निघाला.

"मला समोरून ऐकायचंय."

हे खोटं होतं. तिला हात मोकळे हवे होते.

अमृतप्पा गाऊ लागले. आवाज बारीक, मधून तुटणारा, पण तुटला की त्याच जागी परत जोडला जाणारा. असं आजूबाजूचे लोक नंतर बोलत होते. तिला आठवत नाही. ती मोजत होती. डाव्या बाजूचे काका डोळे कधी मिटतात, उजवीकडच्या बाईंचं लक्ष कधी जातं. स्वतः गाणाऱ्यासोबत चौकटीत यायचं म्हणजे गाणाऱ्याकडे पाठ करावी लागते. ती हळूच वळली. चार वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत तिने गाण्याकडे पाठ केली. ओढणीआडून फोन वर केला आणि बोट टेकवलं.

आवाज तिने आधीच बंद केला होता. उजेडाचं तिच्या लक्षात आलं नव्हतं. खोली अंधुक होती, म्हणून फोनने आपल्याआपणच फ्लॅश टाकला. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीची चूक.

अमृतप्पांनी डोळे उघडले. रागावले असते, थांबले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा पंचा नीट केला, पाठ ताठ केली, उजवा हात वर धरला, चेहऱ्यावर थोडं हसू आणलं आणि गात राहिले. फोटो काढताहेत म्हटल्यावर भला माणूस करतो तेच त्यांनी केलं. उरलेला पाऊण तास ते तसेच बसून गायले. अधूनमधून फोनच्या दिशेने बघायचे, पुन्हा काढणार असतील तर तयार असावं म्हणून.

मालतीबाईंची बोटं तंबोऱ्यावर चालूच होती.

शेवटी त्या दुरडी घेऊन दारात बसल्या. एकेकाचा फोन देत गेल्या. विजयश्रीची पाळी आली तेव्हा त्यांनी तो तडकलेला फोन फडक्याने पुसला आणि पुढे धरला.

"हा तुझाच ना?"

"व्हय, बाई."

"काच फुटलीय. हात कापेल, जपून ने."

त्या दिवशी ती सुसला न खाता आली. फोन माझ्या गादीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

वीरण्णा सरांनी फोटो मोठा करून बघितला. "बघ, एवढं सोपं होतं. उगाच पत्रं आणत बसलीस." चाळीस गुण मांडले, सही केली. फोटो इतका स्वच्छ आला होता की तो कॉलेजच्या वार्षिक अंकात छापला. खाली ओळ होती: 'लोककलेच्या कार्यक्रमात रमलेली आमची विद्यार्थिनी'. एकतीस वेळा ऐकलं त्याचा कागद हसण्यावारी गेला आणि बत्तिसाव्या वेळी, जेव्हा तिने काहीच ऐकलं नाही, त्याचे चाळीस गुण झाले. मला अजून ह्या हिशेबाचा राग येतो. माझ्या चार ओढण्यांचाही येतो.

दाखला मिळाला. जुलैत ती म्हैसूरला गेली. बाहेरचा जराही आवाज येणार नाही अशा खोलीत बसून ती आता दिवसभर श्रवणयंत्रं तपासते. काम चांगलं करते, वरचे खूश आहेत. बैठकीला ती परत गेली नाही. दोनदा सुट्टीत कलबुर्गीला उतरली, ब्रह्मपुराच्या वळणापर्यंत गेली आणि रिक्षा वळवून घेतली. अमृतप्पा त्यानंतर कुठे गायला बसल्याचं ऐकिवात नाही. मालतीबाईंची बैठक चालू आहे. परवा मी त्या झेरॉक्सच्या दुकानात गेले होते, तिथे नवा कागद लावलेला होता. अक्षर तेच, फराळही तोच. मी तो वाचला आणि बाहेर आले. त्या जिन्यावर मला तरी कुठल्या तोंडाने चढता येणार होतं?

रविवारी संध्याकाळी ती मला फोन करते. बहुतेक वेळा कामाचं बोलते, कोहिनूरच्या पावसाचं बोलते, आई सोजराबाईच्या गुडघ्यांचं बोलते. बोलता बोलता ती तो फोटो उघडून बसलेली असते, हे मला आता कळतं. फोटोत पुढे ती आहे, कोपऱ्यात तारीख आणि जागा छापलेली आहे, मागे तंबोऱ्याआडून मालतीबाई सरळ आपल्याकडे बघताहेत. मधे अमृतप्पा. त्यांचे डोळे अजून मिटलेले आहेत. उजेड त्यांच्यापर्यंत नुकताच पोचतो आहे. ताठ होऊन बसण्याच्या आधीचा तो क्षण आहे. त्या क्षणी ते काय गात होते, त्याचं ध्वनिमुद्रण कुणाकडेच नाही, सगळ्यांचे फोन दुरडीत होते. विचारायचं तर मालतीबाईंना विचारायला हवं. आणि त्यांना विचारणं म्हणजे, 'मी खोलीत होते पण ऐकत नव्हते', हे तिने त्यांना सांगणं.

म्हणून ती मला विचारते. जी तिथे नव्हती, जिला आजही तंबोऱ्याचा झोका धड ऐकू येत नाही, तिला. गेल्या रविवारीही विचारलं.

"प्रियंके, तोंड बघ की गं त्यांचं, मोठं करून. उघडं हाय. इथवर ते गायलेत, ह्याच्या पुढं फोटोसाठी बसलेत. मला दुसरं काही नको. एवढंच सांग, कुठला स्वर लावायलेत गं ते?"